मालगाडीतून जाणारे पाणी

२०१६ च्या एप्रिल महिन्यात मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी सुटली, त्याला आता बरीच वर्षे झाली. तरी पाणीप्रश्नावर कुठेही भाषण असले की वक्ता त्या गाडीचे नाव घेतल्याशिवाय खाली बसत नाही. रेल्वे कामगारांना त्या गाडीचा अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. कोट्याच्या वर्कशॉपमध्ये टँक वॅगन वाफेने धुऊन निघाल्या, कृष्णेचे पाणी हैदरखान विहिरीवरून मिरज यार्डात आणले गेले आणि ११ एप्रिलला १० वॅगनांची पहिली गाडी ५ लाख लिटर पाणी घेऊन निघाली. पुढे ५० वॅगनांचा रेक लागला, म्हणजे एका खेपेला २५ लाख लिटर. ऑगस्टपर्यंत शंभरावर खेपा झाल्या आणि सुमारे २६ कोटी लिटर पाणी लातूरला उतरले. वॅगन भरणारे, जोडणारे, गाडी चालवणारे आणि लातूरला ती रिकामी करून घेणारे, सगळ्यांनी त्या उन्हाळ्यात रात्रीचा दिवस केला.

पण बंधूंनो, रेल्वेत आणि पोस्टात हिशेब केल्याशिवाय दिवस संपत नाही. तो इथेही करू. लातूर शहराची वस्ती चार लाखांच्या आसपास. पन्नास वॅगनांची पूर्ण गाडी रोज आली तरी माणशी सहा लिटर पाणी पडते. शहरातल्या माणसाला रोज १३५ लिटर पाणी मिळावे असे सरकारचेच प्रमाण आहे. सहा लिटरांत पिण्याचे भागेल आणि भाकरी-आमटी होईल. धुणे, अंघोळ, संडास यांसाठी बाकीचे लोक टँकरच्या मागे पळत होते, आणि गाडी येण्याच्या आधीच, मार्च महिन्यात, शहरातल्या पाण्याच्या टाक्यांभोवती १४४ कलम लावावे लागले होते. पुढे मे महिन्यात सुमारे चार कोटी रुपयांचे वाहतुकीचे बिल जिल्हाधिकाऱ्यांकडे गेले आणि त्यावरून आणखी गदारोळ झाला.

लातूरची गाडी पहिली नव्हती. १९८६ साली राजकोटला रेल्वेने पाणी नेले होते. राजस्थानात पाली शहराला जोधपूरहून अनेक दुष्काळांत पाणी गेले, अगदी २०२२ पर्यंत. २०१९ साली चेन्नईची पाळी आली. जोलारपेटहून कावेरीचे पाणी भरून गाड्या विल्लीवाक्कमला उतरू लागल्या. चेन्नईला रोज लागणारे पाणी ८० कोटी लिटरच्या वर, आणि गाड्यांनी आणायचे ठरले होते ते रोज जास्तीत जास्त एक कोटी लिटर. म्हणजे शंभरात एक-सव्वा भाग. त्याच चेन्नईत चार वर्षांपूर्वी, २०१५ च्या डिसेंबरमध्ये, घरात पाणी शिरून माणसे मेली होती. तळी बुजवली, दलदलीच्या जागेवर वसाहती उठल्या. आपल्या रेल्वेच्या उन्नत मार्गाचे खांबसुद्धा बकिंगहॅम कालव्यात उभे आहेत. पावसाळ्यात पाणी ठेवायला जागा नाही आणि उन्हाळ्यात ते आणायला गाडी लागते, ही त्या शहराची गत झाली.

पाण्याची गाडी ही रुग्णवाहिका आहे. रुग्णवाहिका वेळेवर पोचली याचे कौतुक जरूर करावे, पण रोगी आजारी कसा पडला हे विचारणे त्याहून जरुरीचे. ते विचारायचे तर आम्ही वाचकांना दुसऱ्या एका गाडीकडे बघायला सांगतो. तिचा फोटो कुणी काढत नाही.

पंजाब आणि हरियाणातून अन्न महामंडळाचा तांदूळ भरून जे रेक दक्षिणेला, पूर्वेला आणि आपल्याकडे येतात ती ही गाडी. यार्डातल्या प्रत्येक माणसाने ती पाहिली आहे. एका रेकमध्ये साधारण अडीच हजार टन माल असतो. एक किलो तांदूळ पिकवायला किती पाणी लागते याचे आकडे जमिनीप्रमाणे आणि हंगामाप्रमाणे बदलतात, पण दोन हजार लिटर धरले तरी ते जास्त नाही. अडीच हजार टन म्हणजे पंचवीस लाख किलो. गुणाकार केला की पाचशे कोटी लिटर होतात. लातूरच्या गाडीने चार महिन्यांत नेले त्याच्या जवळजवळ वीस पट पाणी तांदळाच्या एका रेकमागे खर्च झालेले असते. यातले काही पाणी पावसाचे असते आणि काही परत जमिनीत मुरते, हे खरे. तरीही पंजाबात त्यातला मोठा वाटा पंपाने खालून उपसलेला आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या हिशेबाप्रमाणे पंजाबात वर्षाला जेवढे पाणी जमिनीत भरले जाते त्याच्या दीडपटीहून जास्त उपसले जाते. बँकेतले व्याज तर संपतेच, मुद्दलातूनही खाणे चालू आहे.

हा तांदूळ पंजाबचा शेतकरी स्वतः खात नाही. तो गहू खाणारा. साठच्या दशकात देशाला अन्न हवे होते, अमेरिकेचा गहू बोटीने यायचा आणि ती लाज देशाला नको होती. म्हणून सरकारने त्याला सांगितले की गहू आणि तांदूळ पिकव, आम्ही ठरलेल्या भावाने घेऊ. त्याने पिकवला आणि देश जेवला. पुढे पंपाला वीज फुकट मिळू लागली. ज्या पिकाला भाव हमखास आणि वीज फुकट, ते पीक सोडून शेतकरी मका किंवा डाळ का लावील? २००९ साली पंजाब सरकारने कायदा करून धानाची लावणी जूनमध्ये ढकलली, उन्हाळ्यातला उपसा वाचावा म्हणून. त्याने थोडे पाणी वाचले. पण कापणी उशिरा आली, गव्हाच्या पेरणीला दिवस कमी उरले आणि शेतकरी काड रानातच जाळू लागला. दिल्लीच्या धुराला तेही एक कारण झाले, असे पुष्कळ अभ्यासक सांगतात. एका टोकाला गाठ सोडायला जावे तर दुसऱ्या टोकाला बसते.

आम्ही शेतकऱ्याला दोष देणारे नाही. आपल्यापैकी निम्म्याहून अधिक लोक शेतकऱ्यांचीच पोरे आहेत. आमचे म्हणणे इतकेच आहे की पाण्याची मागणी पावसासारखी आभाळातून पडत नाही. ती कुठल्यातरी टेबलावर ठरते. हमीभावाच्या फाईलवर, वीजदराच्या फाईलवर आणि कारखान्याच्या परवान्याच्या फाईलवर. नंतर तज्ज्ञ लोक आपल्याला सांगतात की लोकसंख्या वाढली म्हणून पाणी कमी पडते. त्यांचा आकडा खोटा नाही. १९५१ साली देशात वर्षाला माणशी पाच हजार घनमीटरहून जास्त पाणी उपलब्ध होते, २०२१ साली ते पंधराशेच्या खाली आले. पाऊस साधारण तेवढाच, भागणारी डोकी जास्त. पण हा आकडा सांगून गप्प बसले की ऐकणाऱ्याला वाटते, गरिबांना पोरे झाली म्हणून नळ आटले. देशात जमिनीखालून जेवढे पाणी काढले जाते त्यातले शंभरात सुमारे ८७ भाग शेतीला जाते, आणि घरगुती वापराला अकराच्या आसपास. आपल्या घरातल्या बादलीने देशाचे पाणी संपलेले नाही.

महाराष्ट्रात पंजाबच्या तांदळाची जागा उसाने घेतली आहे. लागवडीखालच्या जमिनीच्या चार टक्क्यांच्या आसपास ऊस, आणि सिंचनाच्या पाण्यातला निम्म्याहून जास्त वाटा त्याला जातो असे हिशेब वेळोवेळी प्रसिद्ध झाले आहेत. कोल्हापूर-सांगलीकडे कृष्णा-पंचगंगेच्या काठी ऊस समजू शकतो. पण मांजरा धरण कोरडे पडून जे लातूर रेल्वेच्या पाण्यावर आले, त्याच मराठवाड्यात त्याच हंगामात साखर कारखाने गाळप करत होते. ज्या जिल्ह्याला पाणी गाडीने आणावे लागते तिथून पाणी साखरेच्या पोत्यात बसून बाहेर जाते, हे कुठल्या नियोजनात बसते? एक किलो साखरेमागे दीड-दोन हजार लिटर पाणी धरतात. कारखाना कुणाचा, संचालक कोण, धरणाच्या पाण्याचे आवर्तन ठरवणाऱ्या बैठकीत खुर्चीवर कोण बसतो, हे त्या भागातल्या पोस्टमनला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

त्याच पोस्टमनला आणि ग्रामीण डाकसेवकाला हेही ठाऊक आहे की उस्मानाबाद-बीडकडचा लहान शेतकरी ऊस लावतो तो हौसेने लावत नाही. उसाला कायद्याने दर ठरलेला, कारखाना तोड करून नेतो, पैसे उशिरा का होईना येतात. ज्वारीला, तुरीला हमीभाव कागदावर जाहीर होतो आणि खरेदी केंद्र उघडते तेव्हा माल व्यापाऱ्याकडे गेलेला असतो. हरियाणा सरकारने २०२० साली धान सोडून दुसरे पीक घेणाऱ्याला एकरी ७,००० रुपये देऊ केले. दिशा बरोबर आहे. पण एक वर्ष पैसे देऊन भागणार नाही. ज्वारी, बाजरी आणि डाळ सरकारने ठरलेल्या भावाने खरोखर उचलली पाहिजे आणि ती रेशनवर दिली पाहिजे. ती वाहून न्यायला वॅगन आमच्याकडे आहेत. सोलापूरच्या ज्वारीचा रेक यार्डातून गेलेला आम्हांला पाहायचा आहे. तोही पाण्याचाच रेक, फक्त वाचवलेल्या पाण्याचा.

वीजही अशीच. महाराष्ट्रातही २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांची वीज मोफत झाली. दुष्काळी शेतकऱ्याला सवलत मिळते याचे आम्हांला वाईट वाटत नाही. पण ज्याची विहीरच आटली आहे त्याला फुकट विजेचा काय उपयोग? सातशे-आठशे फूट बोअर मारण्याची ज्याची ऐपत, त्याला ही सवलत जास्त मिळते आणि शेजारच्याची विहीर तोच कोरडी करतो. तीच रक्कम सरकारने एकरी रोख द्यावी आणि पंपाला मीटर लावावे, असे आमचे मत आहे. हे मत आमच्याच काही मित्रांना रुचणार नाही, हे आम्हांला माहीत आहे.

वाटपाचा क्रम कोण ठरवतो, हा सगळ्या पाणीप्रश्नाचा गाभा आहे. १९८७ च्या राष्ट्रीय जलनीतीपासून पिण्याचे पाणी पहिले, यावर कुणाचा वाद नाही. भांडण दुसऱ्या नंबरावर आहे. महाराष्ट्राच्या २००३ च्या जलनीतीत दुसरा नंबर उद्योगाला दिला गेला आणि शेती तिसरी झाली. बरीच ओरड झाल्यावर २०११ साली शेती परत दुसरी झाली. आठ वर्षांत धरणांतले किती पाणी कारखान्यांच्या नावावर लागले याची चर्चा तेव्हा विधिमंडळातही गाजली. मध्य प्रदेशात तर १९९८ साली दुर्गजवळ शिवनाथ नदीचा सुमारे तेवीस किलोमीटरचा पट्टा एका खासगी कंपनीच्या ताब्यात गेला. तो भाग पुढे छत्तीसगडमध्ये आला. काठच्या कोळ्यांना आणि शेतकऱ्यांना स्वतःच्या नदीत उतरायला बंदी झाली. नागपूर-दुर्ग लाईनवर काम केलेल्या आमच्या जुन्या सहकाऱ्यांना ते आंदोलन आठवत असेल.

आपल्या मराठी माणसाला हे वेगळे शिकवायची गरज नाही. १९२७ च्या मार्च महिन्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडला हजारो लोकांना घेऊन चवदार तळ्यावर गेले, तेव्हा तळ्यात पाणी भरपूर होते. गुरेढोरे ते पीत होती. तळे सर्वांना खुले आहे असा नगरपालिकेचा ठराव तीन वर्षांपूर्वीच झालेला होता. पाणी होते, ठराव होता, फक्त ओंजळ भरू दिली जात नव्हती. हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले. त्या काळी रेल्वेच्या फलाटावरही हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी असे वेगळे माठ आणि वेगळे पाणीवाले असत. नळ आले आणि ते माठ गेले. सार्वजनिक नळाने जे काम केले ते पुष्कळ भाषणांनी झाले नाही.

आज त्याच फलाटावर नळाची अवस्था काय आहे? २००३ साली रेल नीर सुरू झाले. बाटली स्वच्छ आहे, दर बाहेरच्यापेक्षा कमी, तक्रार त्याबद्दल नाही. पण बाटली आली आणि नळाकडचे लक्ष गेले. अनेक स्टेशनांवर तोटी आहे तर धार नाही, धार आहे तर खाली शेवाळ. पाणी विकणारी यंत्रे बसवली, त्यांतली कित्येक बंद पडून धूळ खात उभी राहिली. जनरल डब्यातून उत्तर प्रदेशात जाणारा मजूर चार पोरांसाठी किती बाटल्या घेणार? जाहिरातीत स्वच्छ पाणी आणि टोळीवरच्या माणसाला उन्हात कॅनमधले कोमट पाणी, हा प्रकार आम्ही अनेक बैठकांत मांडला आहे.

रेल्वेला पाणी शोधता येत नव्हते असे नाही. वाफेच्या इंजिनाला दर काही मैलांवर पाणी लागे. लोणावळ्याचे भुशी धरण, जिथे आता पावसाळ्यात पर्यटकांची झुंबड उडते, ते जी. आय. पी. रेल्वेने एकोणिसाव्या शतकात इंजिनांसाठी बांधले. जागोजागी विहिरी, तलाव, पंपघरे, उंच टाक्या आणि वॉटर कॉलम उभे राहिले. इंजिन कोरडे चालत नाही म्हणून पाणी आले. गँगच्या खोपट्यात माणसे कोरडीही राहू शकतात, म्हणून तिथे आले नाही. वाफेची इंजिने १९९० च्या दशकात गेली आणि त्यांच्या मागून पंपवाल्यांच्या जागाही गेल्या. कित्येक ठिकाणी विहीर आहे, टाकी आहे, बघणारा माणूस नाही. त्याच वसाहतीत आता टँकर येतो आणि त्याचे बिल दर महिन्याला मंजूर होते. कायम कामगार महाग पडतो म्हणून काढला, आणि टँकर स्वस्त पडतो काय, हा हिशेब कुणी मांडत नाही.

शहरांची गोष्ट यापेक्षा निराळी नाही. मुंबईला सात तलावांतून रोज सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पाणी येते आणि त्यातला चौथ्या हिश्श्याहून अधिक गळती-चोरीत जातो असे महापालिकेच्या चर्चांतच सांगितले जाते. तेवढे पाणी लातूरच्या गाडीच्या मापाने मोजले तर रोज जवळजवळ चारशे गाड्या भरतील. आणि ज्या शहापूर तालुक्यातून तानसा, वैतरणा, भातसा यांचे पाणी नळवाटे मुंबईला जाते, तिथल्या पाड्यांना दर उन्हाळ्यात टँकर लागतो. कसाऱ्याच्या गाडीवर काम करणाऱ्यांनी आटगाव-खर्डीच्या बाजूला डोक्यावर हंडे घेतलेल्या बाया रोज बघितल्या आहेत. बंगळूरला २०२४ च्या मार्चमध्ये बोअर आटले तेव्हा मोठमोठ्या सोसायट्यांतही टँकरसाठी रांगा लागल्या. कावेरीचे पाणी तिथे सुमारे शंभर किलोमीटरवरून चढवून आणतात. पाणी लांबून आणण्यात आपण हुशार आहोत, आणलेले पाणी शेवटच्या नळापर्यंत नेण्यात नाही.

आता खेड्यांकडे वळू. जल जीवन मिशन २०१९ साली सुरू झाले तेव्हा ग्रामीण भागातल्या सव्वातीन कोटींच्या आसपास घरांत नळ होते. आता पंधरा कोटींच्या वर घरांत नळजोडणी झाल्याची नोंद आहे. हे काम लहान नाही, त्याला नावे ठेवण्याची आमची इच्छा नाही. पण आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? जी विहीर किंवा बोअर या नळाच्या मागे आहे तिच्या शेजारीच उसाचा पंप चालू असेल, तर जानेवारीनंतर तो नळ भिंतीवरचा खिळा होऊन राहतो. आणि गावची मोटर चालू करणारा, व्हॉल्व्ह फिरवणारा, गळती बुजवणारा जो माणूस आहे त्याला बऱ्याच ग्रामपंचायतींत पगार म्हणून जे मिळते त्यात त्याचे घर चालत नाही. कोट्यवधी रुपयांची पाईपलाईन त्याच्या हाती देऊन त्याला मानधनावर ठेवायचे, हे धोरण रेल्वेतल्या कंत्राटीकरणाच्याच जातीचे आहे.

नद्याजोडीबद्दल आमच्या सभासदांनी पुष्कळदा विचारले आहे. केन-बेतवाच्या कामाचा पायाभरणी समारंभ २०२४ च्या डिसेंबरमध्ये झाला. बुंदेलखंडाला पाणी मिळाले तर आनंदच आहे. पण एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात पाणी नेऊन तिथेही पुन्हा ऊस आणि धानच लावणार असू, तर भोकाच्या बादलीला मोठा नळ लावण्यासारखे होईल. आधी भोक बुजवा, मग नळाचे बोला.

प्रश्न मोठा आणि आपण लहान, असे म्हणून सोडून देण्याचा हा विषय नाही. संघटनेच्या हातात असलेले काही काम आहे. प्रत्येक शाखेने आपल्या स्टेशनची आणि वसाहतीची एक वही करावी. जुन्या विहिरी किती, त्यांतल्या चालू किती, टाकी शेवटची कधी धुतली, पंपावर मंजूर जागा किती आणि माणसे किती, टँकरवर वर्षाला खर्च किती, डबे भरण्याच्या हायड्रंटच्या किती तोट्या वाहतात, टोळीला थंड पाणी कोण पोचवतो. ही माहिती आयओडब्ल्यूकडे अर्ज करून मिळते, नाही दिली तर माहिती अधिकार आहे. पोस्टातल्या बांधवांनी आपल्या कार्यालयांची आणि शाखा डाकघरांची अशीच नोंद करावी. मराठवाडा, विदर्भ आणि खानदेशातल्या डाकसेवकांनी आपल्या बीटमधल्या कुठल्या गावात नळ बसले आणि त्यांना कुठल्या महिन्यापर्यंत पाणी होते हे लिहून पाठवावे. सरकारी यादीत नळ मोजलेले आहेत, महिने मोजलेले नाहीत. शाखांच्या वह्या मार्चच्या आत मंडळ कार्यालयाकडे आल्या, तर पुढच्या पीएनएम बैठकीत पाणी हा स्वतंत्र विषय म्हणून घालता येईल, आणि पंपवाल्यांच्या रिकाम्या जागांची मागणी टँकरच्या बिलांसकट त्याच टेबलावर ठेवता येईल.